निरोगी आतड्यांतील प्रतिरोधाचीही मोजदाद व्हावी: जागतिक सर्वेक्षण आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ग्लास' या प्रतिजैविक-प्रतिरोध सर्वेक्षणाची आखणी करणारे तज्ज्ञ, तसेच त्या सर्वेक्षणाला माहिती पुरवणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणांचे प्रमुख यांस

विषय: निरोगी माणसांच्या आतड्यांतील सामान्य जिवाणूंमध्ये पसरणाऱ्या प्रतिरोधक जनुकांचे नियमित सर्वेक्षण करण्याबाबत

सन्माननीय तज्ज्ञहो,

स. न. वि. वि.

रोगनिदान प्रयोगशाळेत शौचाचा नमुना आला, की तो मॅकॉन्की या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमाच्या प्लेटवर पसरवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यावर दोन तऱ्हेच्या वसाहती दिसतात. फिकट, रंगहीन वसाहती पुढच्या तपासणीसाठी उचलल्या जातात, कारण त्या साल्मोनेला किंवा शिगेला या आतड्याचे रोग घडवणाऱ्या जिवाणूंच्या असू शकतात. गुलाबी वसाहती बहुतांशी ई. कोलायच्या असतात, 'नेहमीचे जिवाणू' म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही आणि प्लेट निर्जंतुक करून टाकून दिली जाते. समोरच्या रुग्णाच्या उपचारापुरते पाहिले तर यात काहीच चूक नाही. मात्र २०१५ मध्ये सुरू झालेल्या ग्लास सर्वेक्षणाने जगाच्या आकडेवारीसाठीही हीच निवड कायम ठेवली. शौचाच्या नमुन्यातून साल्मोनेला आणि शिगेला यांचीच नोंद घ्यायची, ई. कोलाय आणि क्लेब्सिएला यांची नोंद रक्तात किंवा लघवीत सापडल्यावर घ्यायची. म्हणजे एखादा ई. कोलाय रक्तात उतरला की त्याचा प्रतिरोध, म्हणजे औषधाला दाद न देणे, जगाच्या हिशेबात धरला जातो, पण तोच जिवाणू तीच जनुके घेऊन आतड्यात राहत असतो, तोवर तो कोणाच्याच खिजगणतीत नसतो.

ग्लासमुळे देशोदेशीच्या प्रयोगशाळांचे आकडे प्रथमच एका पद्धतीने गोळा होऊ लागले, हे मोठे काम आहे आणि त्याचे मोल मी जाणून आहे. माझी विनंती त्या कामाला पूरक अशीच आहे. निरोगी माणसांच्या आतड्यांतील सामान्य जिवाणूंत प्रतिरोधाची कोणती जनुके आहेत, ती किती प्रमाणात आहेत आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात ती कशावर बसून जातात, हे ठरावीक काळाने मोजणे हा सर्वेक्षणाचा नेहमीचा भाग व्हावा. मूठभर संशोधन प्रकल्पांच्या मर्जीवर ते सोडून देण्याचे दिवस आता संपले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक ग्रॅम विष्ठेत सुमारे दहा हजार कोटी जिवाणू असतात. त्यांत ई. कोलायचा वाटा सहसा एक टक्काही नसतो. मोठा भाग बॅक्टेरॉइड्ससारख्या, ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचा असतो, आणि रोजच्या तपासण्यांत ते वाढवलेच जात नाहीत. तोंडावाटे घेतलेले प्रतिजैविक घशाच्या, छातीच्या किंवा मूत्रमार्गाच्या दुखण्यासाठी लिहून दिलेले असले, तरी त्याचा मारा वाटेत या सगळ्या जिवाणूंवर होतो. ज्या एका जंतूसाठी औषध दिले त्याच्यावर पडणारा निवडीचा दाब आपण विचारात घेतो. पण त्या दुखण्याशी काडीचाही संबंध नसलेल्या आतड्यातील असंख्य जिवाणूंवर तोच दाब दर वेळी पडतो आणि त्यांच्यातील प्रतिरोधक तेवढे टिकून वाढतात. प्रतिरोधाचे जनुक आधी तिथे रुजते, तिथेच एका जातीतून दुसऱ्या जातीत जाते आणि पुष्कळ नंतर एखाद्या संसर्गाच्या निमित्ताने आपल्या अहवालात उमटते.

हे नव्याने कळलेले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये शिगेलाचे असे प्रकार सापडू लागले, की जे एकाच वेळी अनेक औषधांना दाद देत नव्हते. चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की काही रुग्णांत एकाच प्रकारचा शिगेला औषधाला बळी पडणारा आणि न पडणारा अशा दोन्ही रूपांत एकत्र सापडे, आणि त्याच रुग्णांच्या आतड्यातील ई. कोलायमध्येही तोच बहुऔषधी प्रतिरोध दिसे. प्रत्येक औषधासाठी वेगवेगळे उत्परिवर्तन झाले असेल, तर हे जुळत नाही. १९५९ मध्ये कुनितारो ओचियाई आणि तोमोइचिरो अकिबा यांच्या गटांनी दाखवून दिले, की हा प्रतिरोध दोन जिवाणूंच्या संपर्कातून ई. कोलायकडून शिगेलाकडे एकगठ्ठा जातो. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये इंग्रजीत या कामाचा सविस्तर आढावा घेतला, तेव्हा ते जगापुढे आले. म्हणजे आतड्यातील निरुपद्रवी ई. कोलाय हा रोगकारक जिवाणूंना प्रतिरोध पुरवतो, हे सहा दशकांपूर्वीच सिद्ध झालेले आहे, आणि आपल्या सर्वेक्षणाच्या रचनेत त्याला आजतागायत जागा मिळालेली नाही.

या देवाणघेवाणीचे मुख्य साधन म्हणजे प्लाझमिड, अर्थात मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे वर्तुळ. ई. डी. जी. मरे यांनी १९१७ ते १९५४ या काळात आतड्याच्या जिवाणूंचा मोठा संग्रह जमवला होता. प्रतिजैविकांचा सर्रास वापर सुरू होण्यापूर्वीचे ते जिवाणू व्हिक्टोरिया ह्यूज आणि नओमी दत्ता यांनी तपासले आणि १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या निदान २४ टक्के जिवाणूंमधून एकातून दुसऱ्यात जाऊ शकणारी प्लाझमिडे मिळाली, पण त्या प्लाझमिडांवर औषधरोधक जनुके नव्हती. गाड्या पूर्वीपासून धावत होत्या. माल आपण पुढच्या तीस-चाळीस वर्षांत चढवला. मला हा निष्कर्ष या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या निष्कर्षांपैकी एक वाटतो, कारण तो सांगतो की जिवाणूंमधील देवाणघेवाण थांबवणे आपल्या हातात नाही, पण तिच्यातून काय जाते यावर आपल्या वागण्याचा परिणाम होतो.

ई. कोलाय निदान ओळखीचा तरी आहे. बॅक्टेरॉइड्सची गोष्ट त्याहून बोलकी आहे. ॲबिगेल सॅलियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे तीन दशकांतील बॅक्टेरॉइड्स जिवाणू तपासले. टेट्रासायक्लिनला निष्प्रभ करणारे 'टेट-क्यू' हे जनुक सुरुवातीच्या सुमारे ३० टक्के जिवाणूंत होते, ते पुढे ८० टक्क्यांहून अधिक जिवाणूंत आढळले. बॅक्टेरॉइड्सच्या वेगवेगळ्या जातींत या जनुकाचा डीएनए क्रम, एक अपवाद सोडता, ९६ ते १०० टक्के एकसारखा निघाला. इतक्या दूरच्या जातींत जनुक इतके एकसारखे असते, तेव्हा ते अलीकडेच एकातून दुसऱ्यात गेले असले पाहिजे. आणि या पत्राच्या दृष्टीने कळीचा मुद्दा असा, की अलीकडे कोणतेही प्रतिजैविक न घेतलेल्या निरोगी माणसांच्या बॅक्टेरॉइड्समध्ये या जनुकांचे प्रमाण संसर्ग झालेल्या रुग्णांइतकेच होते. रुग्णालयात प्रतिरोध जास्त आणि बाहेर कमी, या समजुतीला इथे आधार उरत नाही. काही बॅक्टेरॉइड्समध्ये तर एरिथ्रोमायसिनला रोखणारी अशी जनुके सापडली, की जी पूर्णपणे वेगळ्या कुळातील क्लोस्ट्रिडियमच्या जनुकांशी तंतोतंत किंवा जवळजवळ तंतोतंत जुळत होती. कुळांच्या भिंती आतड्यात फारशा आड येत नाहीत.

टेट-क्यू ज्यावर बसून जाते, तो डीएनएचा तुकडा प्लाझमिड नव्हे, तर गुणसूत्रातून स्वतःला सोडवून घेऊन दुसऱ्या जिवाणूत जाणारा संयुग्मी ट्रान्सपोझॉन आहे. एरवी तो जवळपास स्वस्थ असतो, पण टेट्रासायक्लिन अल्प प्रमाणात आले तरी त्याचे हस्तांतर शेकडो-हजारो पटींनी वाढते. औषध प्रतिरोधक जिवाणूंची केवळ निवड करते असे आपण शिकवत आलो. इथे तेच औषध जनुकाच्या प्रवासाला चालनाही देते. हे लक्षात घेतले, तर कमी मात्रेत आणि दीर्घ काळ दिली जाणारी प्रतिजैविके, मग ती माणसाला असोत वा जनावरांच्या खाद्यातून असोत, किती वेगळ्या चिंतेचा विषय आहेत हे ध्यानात येईल.

रुग्णालयातील अनुभवही आतड्याकडेच बोट दाखवतो. एनडीएम-१ हे कार्बापेनेम गटाची औषधे निकामी करणारे जनुक २००८ मध्ये स्वीडनमधील एका रुग्णाच्या लघवीतून मिळालेल्या क्लेब्सिएलात सापडले. त्याच रुग्णाच्या विष्ठेतील ई. कोलायमध्येही ते होते, पण वेगळ्या आकाराच्या प्लाझमिडवर. एका माणसाच्या शरीरात ते जनुक दोन जातींत आणि दोन प्लाझमिडांवर पोहोचलेले होते, आणि हे हस्तांतर शरीरातच झाले असावे असे संशोधकांनी तेव्हाच सुचवले. लघवीवरच थांबलो असतो तर अर्धीच गोष्ट हाती लागली असती. माद्रिदमधील एका रुग्णालयात नऊ हजारांहून अधिक रुग्णांच्या नमुन्यांवरून ओएक्सए-४८ या कार्बापेनेमांनाच रोखणाऱ्या जनुकाच्या प्लाझमिडचा मागोवा घेतला गेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले, की हे प्लाझमिड रुग्णाच्या आतड्यात एकदा शिरले की तिथल्या दुसऱ्या जातींत जाणे ही नित्याचीच बाब आहे. जातीगणिक मोजणारे सर्वेक्षण अशा वेळी एकाच घटनेची दोन असंबद्ध घटना म्हणून नोंद करते. तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिन गटातील प्रतिजैविकांना निष्प्रभ करणाऱ्या सीटीएक्स-एम जनुकांचे मूळही असेच: क्लुयव्हेरा या क्वचितच रोग करणाऱ्या जिवाणूच्या गुणसूत्रातून ती उचलली गेली आणि आज जगभरच्या ई. कोलायमध्ये आहेत. क्लुयव्हेरा कोणत्याही प्राधान्य-यादीत नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

आता मी ज्या मुद्द्यावर आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो, तो मांडतो. निरोगी आतड्यांतील जिवाणूंवर लक्ष ठेवण्याची शिस्त जगाने स्वीकारलेली आहे. फक्त ती जनावरांसाठी आहे. डेन्मार्कने १९९५ पासून निरोगी जनावरांच्या आतड्यांतील ई. कोलाय आणि एंटेरोकोकस 'निर्देशक जिवाणू' म्हणून तपासायला सुरुवात केली. युरोपीय संघाने २०१४ पासून अन्नासाठी पाळलेल्या जनावरांतील अशा ई. कोलायची तपासणी सदस्य देशांना बंधनकारक केली. या शिस्तीचे फळ किती मोठे आहे ते पाहा. कोलिस्टिन या अखेरच्या फळीतील औषधाला रोखणारे, प्लाझमिडवर बसून फिरणारे एमसीआर-१ जनुक २०१५ मध्ये जगासमोर आले, ते चीनमधील जनावरांच्या सामान्य ई. कोलायच्या नेहमीच्या सर्वेक्षणातून. कोणा रुग्णाच्या रक्ताच्या नमुन्याची वाट पाहत बसलो असतो, तर ते किती उशिरा कळले असते याचा विचार आपणच करावा.

पुढे चीनने खाद्यातील वाढ-प्रवर्तक म्हणून कोलिस्टिनच्या वापरावर २०१७ मध्ये बंदी आणली. त्या बंदीचा परिणाम झाला की नाही, हे कशावरून कळले? माणसांच्या आतड्यांतील वहन, म्हणजे आजारी न पडता ते जिवाणू बाळगणे, मोजल्यावरून. एमसीआर-१ असलेला ई. कोलाय बाळगणाऱ्या लोकांचे प्रमाण २०१६ मधील सुमारे १४ टक्क्यांवरून २०१९ मध्ये सुमारे ६ टक्क्यांवर आले. एखादे धोरण काम करते आहे याचा इतका स्वच्छ आणि इतक्या लवकर मिळालेला पुरावा संसर्गांच्या आकड्यांतून मिळणे अवघड होते. स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ मध्येच या पद्धतीची ताकद दाखवली होती. एका फार्मवर कोंबड्यांना टेट्रासायक्लिन मिसळलेले खाद्य सुरू केल्यावर कोंबड्यांच्या आतड्यातील जिवाणू आठवड्याभरात प्रतिरोधक झाले आणि पाच-सहा महिन्यांत फार्मवर राहणाऱ्या माणसांच्या विष्ठेतही बदल दिसू लागला. त्यांच्या ३१ टक्के नमुन्यांत टेट्रासायक्लिन-प्रतिरोधक जिवाणूंचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त होता. शेजाऱ्यांच्या बाबतीत असे नमुने ७ टक्केच होते.

याउलट उदाहरणही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण केवळ वापर कमी केला की प्रतिरोध ओसरेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. ब्रिटनमध्ये १९९१ ते १९९९ या काळात सल्फोनामाइड या जिवाणूरोधक औषधाचा वापर ९७ टक्क्यांनी घटला, तरी लंडनमधील रुग्णांच्या ई. कोलायमध्ये त्याचा प्रतिरोध सुमारे ४० टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेला. सल्फोनामाइडरोधक जनुक मोठ्या प्लाझमिडांवर इतर औषधांच्या जनुकांच्या सोबतीने बसलेले होते. त्यांतल्या एकाही औषधाचा वापर सुरू राहिला, तरी सारीच जनुके टिकून राहतात. कोलिस्टिनच्या बाबतीत बंदी फळली आणि सल्फोनामाइडच्या बाबतीत कपात निष्फळ ठरली, यामागील कारण प्रतिरोधाच्या टक्केवारीवरून कधीच उलगडणार नाही. जनुक कोणासोबत बसले आहे, हे पाहावेच लागेल. म्हणून माझा आग्रह आहे, की निरोगी नमुन्यांतील निदान काही जिवाणूंचा संपूर्ण जनुकक्रम, तोही प्लाझमिडची सलग रचना कळेल अशा पद्धतीने, वाचला जावा.

खर्चाचा प्रश्न निघेल, आणि तो रास्त आहे. पण पहिली पायरी खर्चिक नाही. त्याच मॅकॉन्की माध्यमाच्या दोन प्लेट घ्यायच्या, एक साधी आणि दुसरी सेफोटॅक्झिम हे तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन घातलेली. दोन्हींवर एकाच नमुन्याचे सारखे प्रमाण पसरवायचे आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी वसाहती मोजायच्या. प्रतिरोधक ई. कोलाय आहेत की नाहीत एवढेच नव्हे, तर एकूण ई. कोलायमध्ये त्यांचा वाटा किती, हेही यातून कळते. आपल्याच संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ट्रायसायकल या प्रतिरोधक ई. कोलायच्या सर्वेक्षणाच्या आराखड्यात निरोगी गर्भवती महिलांच्या नमुन्यांचा समावेश आहे, म्हणजे बीज आपल्याकडेच आहे. तो आराखडा ऐच्छिक उपक्रम म्हणून न राहता ग्लासच्या वार्षिक आकडेवारीचा भाग व्हावा, आणि गर्भवती महिलांबरोबर इतर वयोगटांतील निरोगी व्यक्तींचेही नमुने त्यात यावेत. बॅक्टेरॉइड्ससारख्या जिवाणूंसाठी ऑक्सिजनविरहित व्यवस्था लागते. ती सर्व प्रयोगशाळांकडून अपेक्षिणे योग्य नाही, पण प्रत्येक विभागात एक-दोन संदर्भ-प्रयोगशाळांना हे काम सोपवता येईल.

सांडपाण्याच्या तपासणीने हे सारे भागेल, असे काही जण म्हणतात. ६० देशांतील ७९ ठिकाणच्या सांडपाण्यातील जनुकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो उपयुक्तच आहे. त्यात कोणाचीही ओळख उघड होत नाही, हा मोठा गुण. परंतु सांडपाण्यातील डीएनएचे छोटे छोटे तुकडे वाचून जनुक अस्तित्वात आहे एवढे कळते, ते कोणत्या जिवाणूत आणि कोणत्या प्लाझमिडवर होते, हे सहसा कळत नाही. शिवाय ते जनुक माणसांत किती काळ टिकते, हेही त्यातून समजत नाही. सुमारे दोन हजार डच प्रवाशांच्या अभ्यासात, जे प्रवासाआधी विस्तारित-व्याप्ती बीटा-लॅक्टमेझ (पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन निकामी करणारे विकर) निर्माण करणारे जिवाणू बाळगत नव्हते, त्यांतील ३४ टक्के प्रवासी ते घेऊन परतले. निम्म्या जणांत ते महिनाभरात नाहीसे झाले, पण ११ टक्के जणांत वर्षानंतरही होते. कोणात महिनाभर तर कोणात वर्षभर, हा फरक कशामुळे पडतो, हा प्रश्न माणसागणिक घेतलेल्या नमुन्यांनीच सुटेल.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. वहन म्हणजे आजार नव्हे, आणि वाहकाला त्या जिवाणूंपासून मुक्त करण्याचा खात्रीचा उपाय आज उपलब्ध नाही. प्रतिजैविके देऊन आतडे 'स्वच्छ' करण्याची सरसकट शिफारस तज्ज्ञ-मार्गदर्शिका करत नाहीत, ते योग्यच आहे. अशा स्थितीत एखाद्याच्या माथी 'वाहक' हा शिक्का बसला, तर त्याला उपचार नाकारले जाण्याची, प्रवासात किंवा नोकरीत वेगळी वागणूक मिळण्याची भीती खरी आहे. म्हणून नमुना नाव काढूनच प्रयोगशाळेत यावा, वैयक्तिक निकाल कोणत्याही आरोग्य-नोंदीत जाऊ नये आणि संमती घेताना हे स्पष्ट शब्दांत सांगितले जावे. एखाद्या समाजाला वा देशाला जनुकाचे उगमस्थान ठरवणारी मांडणीही टाळावी. अशा मांडणीने नमुने मिळणे तेवढे बंद होते.

सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने प्रतिरोधाशी निगडित मृत्यू २०३० पर्यंत १० टक्क्यांनी कमी करण्याचे ठरवले. २०१९ मध्ये असे सुमारे ४९.५ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, आणि त्यांत सर्वाधिक वाटा ई. कोलायचा होता. हे उद्दिष्ट मला मनापासून पटते. पण मृत्यू ही साखळीतील शेवटची घटना आहे. तिच्यावरून दिशा ठरवायची, तर प्रत्येक धोरणाचा परिणाम कळायला वर्षानुवर्षे जातील. वहनाचा आकडा काही महिन्यांत हलतो. तो त्या उद्दिष्टासोबत मोजला जावा.

अखेरची विनंती साठवणुकीची. तपासलेले जिवाणू आणि शक्य असेल तिथे मूळ नमुनेही अतिशीत तापमानात, तारीख-वार नोंदीसह जपून ठेवावेत आणि ते देशोदेशीच्या संशोधकांना समान अटींवर मिळावेत. एमसीआर-१ सापडल्यानंतर जुने साठे धुंडाळले गेले, तेव्हा ते जनुक १९८० च्या दशकातील कोंबड्यांच्या ई. कोलायमध्येही मिळाले, साठे नसते तर हे कधीच कळले नसते. माणसांच्या निरोगी आतड्यांतील जिवाणूंचे असे सलग साठे फार थोडे आहेत. ग्लासच्या पुढील मार्गदर्शक आवृत्तीत या साठवणुकीसाठी स्वतंत्र तरतूद आणि निधी नमूद करावा, तसेच देशांकडून येणाऱ्या वार्षिक तक्त्यात निरोगी व्यक्तींतील वहन, जनुकाचा प्रकार आणि प्लाझमिडचा प्रकार असे तीन रकाने वाढवावेत. पहिली काही वर्षे बहुतेक देशांचे ते रकाने कोरे येतील. तरीही ते छापावेत.

कळावे,

आपला विश्वासू,
रोगनिदान प्रयोगशाळेत काम करणारा एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ